पहिला धूर

ग्लेनिसला हरायचं होतं आणि नेमकं तेच तिला जमत नव्हतं.

पैज अगदी साधी. अँझॅक डेच्या, म्हणजे पंचवीस एप्रिलच्या सैनिक-स्मृतिदिनाच्या पहाटे गावातल्या स्मारकावर फुलं वाहायची, घरी यायचं आणि मगच लाकडाचा स्टोव्ह पेटवायचा, ही टास्मानियाच्या त्या डोंगरातली जुनी रीत. हिवाळ्याच्या तोंडावरचा तिथला एप्रिल कितीही गारठो, त्याआधी ज्याच्या धुराड्यातून धूर निघेल त्यानं दुसऱ्याला घरी बसवून मटणाचं जेवण घालायचं.

दुसरा म्हणजे कुरणापलीकडचा डेस. तो क्वीन्सलंडच्या उन्हातून इथं राहायला आला तेव्हा ग्लेनिस दुकानात सगळ्यांदेखत म्हणाली होती, "हा बाबा एप्रिलसुद्धा काढायचा नाही." डेसला ते असं झोंबलं की पैज लागली ती लागलीच. तेव्हापासून दोघांपैकी कुणी हरलं नव्हतं, म्हणजे कुणी कुणाकडे जेवलंही नव्हतं. उन्हाळ्यात दोघं मिळून लाकडं करायची. तो करवत चालवायचा, ती फोडून रचायची. पण एप्रिल लागला की डेस तिला चहासुद्धा व्हरांड्यातच द्यायचा. "आत फरशी ओली आहे," म्हणायचा. किती स्वच्छ माणूस, असं ग्लेनिसला वाटायचं.

यंदाच्या उन्हाळ्यात तिच्या अंगठ्यात लाकडाची बारीक ढलपी घुसली. डेसनं नाकाच्या टोकावर चष्मा ठेवून, जीभ बाहेर काढून ती उपसली आणि साठी उलटलेल्या ग्लेनिसचं डोकं जे फिरलं ते फिरलंच. हा माणूस आपल्या टेबलाशी जेवायला बसलेला बघायचा, बस्स! पण सरळ 'जेवायला ये' म्हणायला तिची जीभ रेटेना.

म्हणून अँझॅक डेला अजून आठवडा असताना तिनं सकाळीच मटण मसाला लावून ठेवलं, स्टोव्ह पेटवला आणि धावत अंगणात येऊन वर बघितलं.

धूर नाही. धाग्याएवढासुद्धा नाही.

कसा असणार? तिचं लाकूड दोन उन्हाळे वाळवलेलं, आपटलं तर खणखण वाजणारं. 'धूर काढतो तो आळशी' असं पंचक्रोशीला ऐकवत फिरणारी बाई ती. आता आली का पंचाईत! तिनं ओला पाला कोंबला. हिरव्या फांद्या कोंबल्या. वर दारातलं भिजलेलं काथ्याचं पायपुसणं कोंबलं आणि हवेची झडप आवळली. स्टोव्ह थोडा वेळ रुसला, मग धुराड्यातून असा पिवळा, जाडजूड लोट निघाला की ग्लेनिस सपातांवरच अंगणात नाचायला लागली.

तेवढ्यात डेसची गाडी कुरणातून उसळ्या मारत आली, मागे वणव्यासाठी ठेवलेली पाण्याची टाकी हिंदकळत. तो उतरला, पाइप ओढला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट स्टोव्हवर फवारा सोडला. अडवायला धावलेली ग्लेनिस नखशिखान्त भिजली.

"अरे मेल्या, थांब!"

"बाजूला हो, आग लागलीय!"

"आग नाही, स्टोव्ह आहे! मी पेटवलाय!"

"तू? अँझॅक डेच्या आधी? आणि तुझं लाकूड धूर करणार? बस खाली, डोक्यात धूर गेलाय तुझ्या."

"मी हरलेय!"

"तू कसली हरतेस!"

"अरे ठोंब्या, मला हरायचंच होतं! तू माझ्याकडे जेवायला यावंस म्हणून! आवडतोस तू मला. झालं समाधान? आता बंद कर ते पाणी!"

पाणी डेसच्याच बुटांत जात होतं. त्याला पत्ता नव्हता.

ग्लेनिसचे दात वाजायला लागले. स्टोव्हची तर पार खिचडी झाली होती.

"चल माझ्याकडे, कपडे वाळव," डेस म्हणाला आणि एकदम चपापला. "म्हणजे... नको. फरशी ओली आहे."

"मी त्याहून ओली आहे!"

ती तरातरा कुरण ओलांडून गेली आणि दार ढकललं. आत मस्त ऊब. स्टोव्हमध्ये लालबुंद निखारे, वर दोरीवर मोजे आणि समोर पोट वर करून पसरलेलं मांजर. ग्लेनिसनं बाहेर येऊन धुराड्याकडे बघितलं. आभाळ स्वच्छ.

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून," मागून धापा टाकत आलेला डेस म्हणाला. "आठवडाभरात गारठलो गं. अंधारात पेटवतो, उजाडेपर्यंत नुसते निखारे राहतात. कोरडं लाकूड धूर करत नाही, तूच तर शिकवलंस."

ग्लेनिस हसत सुटली. हसत हसतच आत आली आणि तिला टेबल धरावं लागलं. मग त्याच टेबलाशी, तशीच निथळत, स्टोव्हजवळची खुर्ची ओढून ती बसली.

"म्हणजे दर वर्षी तूच हरत होतास."

"हो."

"मग इतक्या वर्षांची माझी जेवणं राहिलीत. मटण माझ्या ओट्यावर आहे, पळ."

"सगळी आजच घालू?"

"रोज एक," ग्लेनिस म्हणाली. "आणि संपत आली की सांग. मी पुन्हा पैज लावते."