काढेवाल्याची जीभ

“काढ जीभ. आणखी बाहेर! लिच्या खाल्ल्यास ना? खोटं बोलू नकोस, जीभ चहाडी करते.”

शाळेला निघताना रोज कानी पडणारा बाबांचा हा आवाज हिंगयीच्या मनात अजून तसाच होता, तांब्याच्या पिंपातल्या वाफेसारखा ऊन आणि कडसर. मग वाटीभर काळा काढा, नाक दाबून प्यायचा, आणि वर एक खारवलेलं आलुबुखार. त्या आलुबुखारापायी तिनं कितीदा तोंड आल्याचं सोंग केलं होतं!

आता ती पोटाची डॉक्टर होती. दक्षिण चीनमधल्या ग्वांगचौच्या त्याच गल्लीत, आपल्या काढ्याच्या दुकानात, त्याच पिंपामागे बाबा उभे होते. पण अ‍ॅप्रनचे बंद कमरेला दोन वेढे घेऊनही उरत होते.

“बाबा, किती वाळलात! पोट दुखतं का? एकदा दुर्बिणीनं तपासू या.”

“मला काय धाड भरलीय? आणि तुझ्या दुर्बिणीत उष्णता दिसते का गं?”

“जखम दिसते.”

बाकावर काढा पीत बसलेल्या मासळीवाल्या ताम काकू फिसकन हसल्या. “डॉक्टरीणबाई, काढेवाल्याचंच पोट बिघडलं, तर आम्ही कुणाकडे जायचं?”

बाबा हसले नाहीत. पळीनं उगीचच काढा ढवळत राहिले.

कॉलेजातून नवी नवी आली होती, तेव्हा याच बाकासमोर, भर गिऱ्हाइकांत ती म्हणाली होती, “अंगात उष्णता-बिष्णता काही नसते, बाबा.” त्या दिवसापासून त्यांनी तिची जीभ पाहिली नव्हती. आपलं दुखणंही कधी सांगितलं नव्हतं.

काकू गेल्या. हिंगयीनं स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसली.

“बाबा, जीभ काढा.”

ते बघतच राहिले. मग हळूच, लहान मुलासारखी, त्यांनी जीभ काढली. पांढरीफटक.

“तोंड कडू होतं? घशाशी आंबट येतं? पोटात आग पडते?” त्यांचेच प्रश्न, त्यांच्याच क्रमानं. “आणि शौचाला रंग कसा?” पोटात रक्त झिरपत असेल, तर तो काळा येतो, हे तिला माहीत होतं.

पळी थांबली.

“काळा,” ते म्हणाले. “डांबरासारखा. म्हटलं, काढ्याचाच रंग असेल. पण पोरी... दोन महिने झाले, आपला काढा मी प्यायलोच नाही. सोसतच नाही गं मला.”