मोज्यातला जांभळा अंगठा

मित्रांनो, आधीच सांगतो, मी धुतलेला आहे. तेव्हा नाकाला रुमाल लावायचं काही कारण नाही. मी एक जुना काळा पायमोजा आहे, उजव्या पायाचा. तुम्ही म्हणाल, मोज्यांत कुठे आलाय डावा-उजवा? दुकानात नसतो, हे खरं. पण वर्षानुवर्षं एकाच पायात राहिलं की त्या पायाचं वळण अंगात मुरतं. विश्वास नसेल तर माझा आकार बघा. मी रिकामा असलो तरी आत पाय असल्यासारखाच दिसतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात, गोल फिरणाऱ्या यंत्रावर झाला. बारीक बारीक सुया माझ्याभोवती फेर धरून नाचल्या आणि थांबल्या तेव्हा मी एक नळी होतो, दोन्हीकडून उघडी. मग कोणीतरी माझं बोटांकडचं तोंड शिवलं, गरम साच्यावर चढवून मला आकार दिला आणि माझ्यासारख्याच एका मोज्याशी माझी जोडी लावली. तो माझा भाऊ. आम्हा दोघांना पुठ्ठ्यावर ताठ उभं करून दुकानात टांगलं. तेव्हा आमचा रंग असा होता की पाहणाऱ्याने दोनदा पाहावं.

ज्या बाईंनी आम्हाला विकत घेतलं, त्या शिवणकाम करतात. त्यांच्या मैत्रिणी त्यांना 'सुई' म्हणतात. एक तर धंद्यामुळे, आणि दुसरं म्हणजे त्या अंगाने बारीक आहेत आणि बोलल्या की टोचतं. मी त्यांना सुईताई म्हणतो. तेव्हा त्यांचं बाजारात छोटंसं दुकान होतं. आम्ही दोघे भाऊ दिवसभर शिवणयंत्राच्या पायट्यावर नाचायचो. संध्याकाळी त्या आम्हाला स्वतःच्या हाताने धुऊन सावलीत वाळत घालायच्या. "काळा रंग आहे, उन्हात विटेल," म्हणायच्या. मित्रांनो, एवढी माया किती मोज्यांच्या वाट्याला येते?

मग घरात एक मुलगी आली. दुकान बंद झालं, यंत्र घरी आलं आणि खिडकीपाशी बसलं. दोरीवर आमच्या जागी इवले इवले मोजे वाळू लागले, कोणी गुलाबी, कोणी सशाचे कान लावलेले. मी रागावलो नाही. अंगठ्याएवढ्या मोज्यावर कोण रागावणार? आमची रवानगी मात्र धुलाई यंत्रात झाली. तिथेच एके दिवशी माझा भाऊ हरवला. आत आम्ही दोघे गेलो, बाहेर मी एकटा आलो. कोणी फारसा तपास केला नाही. दुसऱ्या एका एकट्या काळ्या मोज्याशी माझी गाठ मारून दिली. तो माझ्याहून उंच आहे आणि त्याचा त्याला गर्वही आहे. पण संसार म्हटला की चालायचंच.

त्याच सुमारास मला अंगठ्यापाशी भोक पडलं. वाईट तर वाटलं, पण एक फायदाही झाला. तोपर्यंत मला नुसतं ऐकू यायचं. भोक पडल्यापासून दिसूही लागलं.

सुईताई घरातलं सगळं शिवायच्या. लेकीच्या फ्रॉकचा खिसा, नवऱ्याच्या सदऱ्याची कॉलर, शेजारच्या काकूंच्या पिशवीची चेन. माझी पाळी आली की मला बोटावर चढवून बघायच्या आणि म्हणायच्या, "असू दे, मोज्याला कोण बघतंय. बुटातच तर असतो." आणि मी पुन्हा बुटात.

आता त्या संध्याकाळची गोष्ट ऐका.

सुईताईंच्या दोन जिवाभावाच्या मैत्रिणी आहेत. एक शहरातली बस चालवते, तिला सगळे 'बसवाली' म्हणतात. दुसरी नर्स आहे. बसवालीच्या शेवटच्या थांब्याजवळ एक जपानी हॉटेल आहे. तिथल्या मालकीणबाईंना स्वयंपाक्यांसाठी कोट आणि गाण्याच्या खोलीसाठी पडदे शिवून हवे होते. बसवालीने सुईताईंचं नाव सुचवलं. ठरलं असं, की शनिवारी तिघींनी तिथे जेवायला जायचं, पाहिजे तेवढं गायचं आणि कामाचंही बोलून घ्यायचं.

सुईताईंना त्या आठवड्यात झोप लागली नाही. लेक झाल्यापासून त्यांच्याकडे फक्त बाह्या आखूड करायची आणि चेन बदलायची कामं यायची. कोरं कापड पसरून त्यावर कात्री चालवायचं मोठं काम एकही आलं नव्हतं. "हे मिळालं ना," त्या यंत्राला तेल घालताना म्हणाल्या, "तर पुन्हा दुकान घेता येईल." हे त्या नवऱ्यालाही बोलल्या नव्हत्या. फक्त यंत्राला, आणि खाली मी होतो म्हणून मलाही.

शनिवारी त्यांनी स्वतः शिवलेला निळा अंगरखा घातला. टीप न् टीप तपासली. मला मात्र न बघताच पायात ओढलं.

हॉटेलच्या दारातच मालकीणबाई उभ्या होत्या. केस पांढरे, पाठ ताठ. त्यांनी हसून स्वागत केलं आणि भिंतीतल्या खणांकडे बोट दाखवलं.

"बूट इथे काढायचे."

सुईताई जागच्या जागी थिजल्या. "काढायचेच का?"

"आत चटया आहेत ना. नव्या आहेत, कालच अंथरल्या."

"अगं, सांगायचं होतंस मला," सुईताई बसवालीच्या कानात पुटपुटल्या.

"काय सांगायचं? मी नेहमी काढते, माझ्या लक्षातही नाही आलं. का गं, काय झालं?"

बूट निघाला. भोकातून अंगठा असा बाहेर आला, जशी एखादी शेजारीण खिडकीतून डोकावते. सुईताईंनी झटकन डावा पाय उजव्यावर ठेवला आणि बगळ्यासारख्या उभ्या राहिल्या. शिवणकाम मागायला आलेल्या बाईच्या मोज्याला भोक. मित्रांनो, मला कुठे तोंड लपवावं कळेना. माझं तर तोंडच फाटलं होतं.

"हात धुऊन येते," म्हणत त्या स्वच्छतागृहाकडे पळाल्या. पर्समध्ये सुई-दोरा शोधला. पण लेक झाल्यापासून त्या पर्समध्ये त्यांचं स्वतःचं असं काही उरलंच नव्हतं. अर्धं बिस्कीट, एक ओला रुमाल, बाहुलीचा हात आणि लेकीच्या स्केचपेनचं पाकीट. त्यांचे डोळे चमकले. मोजा काळा, मग अंगठाही काळा करावा. पण काळ्या पेनचं टोपण लेकीने उघडं टाकलेलं, तो पार वाळून गेला होता. हिरवा चालला असता, पण अंगठा हिरवा दिसला असता. शेवटी जांभळा घेतला. अंधारात जांभळा काळ्याच्या जवळ जातो. अंगठा हसत होता, गुदगुल्या होत होत्या, आणि सुईताई मात्र शस्त्रक्रिया करत असल्यासारख्या गंभीर होत्या.

तरी त्यांना धीर नव्हता. टेबल बुटकं, जमिनीवर बसायचं. त्या मला अंगाखाली घेऊन माझ्यावरच बसल्या. पुढचं सगळं मी दबल्या आवाजात ऐकलं आणि अधूनमधून जरा उसंत मिळाली तेव्हा पाहिलं.

जेवण आलं. भाताचे छोटे मुटके, वर माशाची गुलाबी चकती. वाफाळतं सूप. काळ्या शेवाळाच्या पानात गुंडाळलेल्या सुशीच्या वळकट्या. नर्सबाईंनी त्या दोन काड्या चिमट्यासारख्या धरल्या आणि एक वळकटी अशी अलगद उचलली, जशी जखमेतून काच काढतात. बसवालीने काडी सरळ भोसकली.

"असं नाही धरायचं," नर्सबाई म्हणाल्या.

"तोंडात गेलं ना? मग रस्ता कुठला का असेना."

सगळं ताट मधोमध होतं. तिथपर्यंत पोचायला पुढे वाकावं लागे आणि पुढे वाकलं की मी मागून उघडा पडे. म्हणून सुईताईंनी हाताशी होतं तेवढंच खाल्लं, म्हणजे सूप आणि आल्याच्या चकत्या.

मालकीणबाई दुरून बघत होत्या. शेवटी जवळ आल्या. "काही कमी-जास्त झालंय का?"

"नाही, नाही. फार छान आहे."

"खाल्लं तर कळेल ना, छान आहे ते." आवाज गोडच होता, पण वाटीतलं सूप गार व्हावं असा.

"कामाचं बोलायचं होतं," सुईताई म्हणाल्या.

"आधी गाणं. माझी ही पद्धत आहे. पाहुणे गायले की मग कामाचं बोलायचं. गाताना माणूस कसा आहे ते कळतं."

गाण्याची खोली आत, सरकत्या दारामागे. एका बाजूला कॅराओकेचं यंत्र. त्याच्या पडद्यावर गाण्याचे शब्द उमटतात आणि गाणं संपलं की गुणही. समोर बुटका चौथरा, त्यावर नवी कोरी, लोण्याच्या रंगाची चटई. चौथऱ्यावर झगझगीत दिवा. नेमका पायांवर.

बसवाली आधी गेली. ती प्रत्येक ओळ अशी म्हणायची, जणू पुढचा थांबा जाहीर करते आहे. नर्सबाई इतक्या हळू गायल्या की यंत्राला वाटलं, कोणी गातच नाही. त्याने त्यांना गुणच दिले नाहीत.

"रात्रपाळीची सवय," नर्सबाई म्हणाल्या. "पेशंट उठतात."

मग सुईताई. माइक हातात घेतला. त्यांनी एक जुनं गाणं निवडलं आणि सूर असा वर लावला की पुढे जायला जागाच उरली नाही. पहिलं कडवं कसंबसं पार पडलं. दुसऱ्यात मात्र ताल सापडला. मित्रांनो, ताल सापडला की सुईताईंचा उजवा पाय गप्प बसत नाही. इतकी वर्षं पायटा चालवलेला पाय तो. तो चालू लागला. टक टक टक. वर दिवा तापलेला, खाली मी घामाने चिंब, आणि माझ्या खिडकीतला तो जांभळा अंगठा प्रत्येक ठेक्याला थोडा पुढे सरकत नव्या चटईवर आपटतोय.

गाणं संपलं. यंत्राने पास होण्यापुरते गुण दिले. मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. मालकीणबाईंनी वाजवल्या नाहीत. त्या खाली बघत होत्या.

चटईवर जांभळ्या ठिपक्यांची माळ उमटली होती. एका ओळीत, सारख्या अंतरावर, अगदी टीप मारल्यासारखी.

"हे काय?" मालकीणबाईंनी विचारलं.

"उंदीर असेल," बसवाली म्हणाली.

"जांभळा?"

"घाबरू नका," नर्सबाई पुढे झाल्या. "रक्त नाहीये ते. रक्त असं नसतं."

"रक्त मी म्हणालेच नाही."

मैत्रिणी आणखी काय काय बोलल्या असत्या, कोण जाणे. पण सुईताईंनी माइक खाली ठेवला, मला पायातून काढलं आणि सगळ्यांसमोर हातात धरलं. दिव्याचा झोत माझ्या भोकातून आरपार गेला. "माझा अंगठा आहे," त्या म्हणाल्या. "मोज्याला भोक आहे, ते लपवायला मी लेकीचा स्केचपेन लावला. चटई मी साफ करून देते. काम नाही दिलंत तरी चालेल." शेवटचं वाक्य त्यांना जड गेलं. मला कळलं, कारण त्यांनी मला घट्ट मुठीत आवळलं होतं.

मग त्यांनी घरी फोन लावला. लेक अर्थातच जागी होती.

"बाळा, तुझे ते पेन पाण्याने जातात का गं?"

"जांभळा जातो. हिरवा नाही जात."

"तुला कसं माहीत?"

पलीकडून अगदी बारीक आवाज. "बाबांच्या शर्टवर करून बघितलं."

"कुठल्या शर्टवर?" हा बाबांचा आवाज. सुईताईंनी फोन बंद केला.

ओलं फडकं आलं. "घासू नका, टिपा," सुईताईंनी सगळ्यांना बजावलं. तिघी गुडघ्यांवर बसल्या आणि थोड्या वेळाने मालकीणबाईही बसल्या. यंत्रावर पुढचं गाणं आपलं आपणच वाजत होतं. ठिपके एकेक करून फिके झाले. टिपता टिपता सुईताईंचा हात थांबला. खिडकीच्या पडद्याची खालची कड त्यांच्या नाकासमोर होती. त्यांनी ती बोटांत धरून उलटी केली.

"हे कापड शिवायच्या आधी धुतलं नव्हतं का? धुतल्यावर आटलंय. म्हणून पडदे वर गेलेत."

"मला वाटायचं, जमीन खचतेय," मालकीणबाई म्हणाल्या.

बसवालीला हसू आवरेना. पण मालकीणबाई हसल्या नाहीत. त्या सुईताईंकडे बघत राहिल्या. "म्हणजे तू पाय लपवायला जेवली नाहीस?"

"वाकलं की दिसत होता."

"आणि मला वाटलं, हिला माझ्या हातचं आवडलं नाही. जिला चव कळत नाही, तिला काम कशाला द्यायचं, असं ठरवून मी इथे आले होते." त्यांनी उसासा टाकला. "भोकासाठी कोणी उपाशी राहतं का, पोरी?"

"मावशी, मी शिंपीण आहे."

"आणि मी स्वयंपाकीण. दुसऱ्यांना वाढता वाढता माझ्याच पोटात कावळे कोकलत असतात आणि मला कळत नाही. ऊठ, जेव आधी."

पुन्हा ताट आलं. सुईताई दोन्ही पाय लांब पसरून बसल्या, एक मोज्यात, एक अनवाणी, जांभळ्या अंगठ्याचा. त्यांनी इतकं खाल्लं की बसवालीने शेवटची वळकटी हाताने झाकून ठेवली. मी टेबलावर, सूपच्या वाटीशेजारी घडी घालून बसलो होतो. मोज्याच्या जन्मात असा मान मिळत नाही. निघताना मालकीणबाई म्हणाल्या, "उद्या मापं घ्यायला ये. कोट आधी, पडदे मग. आणि कापड धुऊन."

त्या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. सुईताईंच्या घरात पांढऱ्या कापडाचे डोंगर उभे आहेत. यंत्र दिवसभर चालतं, लेक सुट्ट्या गुंड्या वेचते आणि हिशोब करून दुकानाची जागाही बघून झाली आहे. मी कुठे आहे? दुरुस्तीच्या टोपलीत, सगळ्यांत खाली. सुईताई कधी कधी मला वर काढतात, बोटावर चढवतात आणि म्हणतात, "तुझ्यामुळे काम मिळालं रे. तुझं उद्या नक्की करते." आणि तेवढ्यात कोणाचा तरी कोट पुढे येतो. माझं भोक अजून आहे. त्यातूनच मी हे सगळं बघतो आणि तुम्हाला सांगतो.

माझी तक्रार नाही, मित्रांनो. फक्त एक करा. तुमच्याही घरात कोणाच्या तरी पायात माझ्यासारखा एखादा मोजा असेल. तुमच्या पायात नसेल, कारण तुमचे वेळच्या वेळी शिवले जातात. आज संध्याकाळी दारात बूट निघतील तेव्हा जरा खाली बघा, तो कोणाच्या पायात आहे. आणि दिसला तर हसू नका. सुईत दोरा ओवून द्या, तेवढं तुम्हाला येतं.