त्रेचाळीस सह्या

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. मस्कतमधल्या शाळांच्या बास्केटबॉल मॅचला मी बसले असले की पार्किंगमधल्या ड्रायव्हरांनाही स्कोअर कळतो, असं आमचे हे म्हणतात. तीन वर्षांत तो आवाज मी सगळ्यात जास्त कुणाच्या नावावर खर्च केला असेल तर तूबाच्या. माझी मुलगी माधवी त्याच टीममध्ये. माधवी बॉल पुढे आणून द्यायची आणि तूबा तो बास्केटमध्ये घालायची. दोघी सहावीपासून एका बाकावर बसणाऱ्या.

दहावीचा निकाल लागला आणि तूबानं शाळा बदलली. दुसऱ्या कुठल्या शाळेत गेली असती तर दोन दिवस हळहळून गप्प बसलो असतो. पण ती गेली ज्यांना आम्ही दोनदा फायनलमध्ये हरवलं, त्यांच्याच शाळेत.

आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, ‘गॅलरी’ नावाचा. टीममधल्या मुलींचे आईवडील आणि मुली पास होऊन गेल्या तरी मॅचचं वेड न सुटलेले काही लोक. ग्रुपवर नुसती आग लागली. कुणी म्हणालं फी माफ केली असणार, कुणी म्हणालं विकली गेली. मुनीरभाईंनी तर टीमच्या फोटोत तूबाचा चेहरा काळा करून टाकला. हे मुनीरभाई रायगडचे, एका बांधकाम कंपनीत स्टोअर सांभाळतात, त्यांची मुलगी टीममध्ये राखीव. त्या फोटोला मी अंगठा दिला. आता लाज वाटते, पण दिला.

सप्टेंबरात मी मस्कतच्या रुवी भागात गेले, तूबाच्या वडिलांच्या कापडाच्या दुकानात. जैनुद्दीनभाई रत्नागिरीचे. त्यांनी स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. तूबा आतल्या बाजूला वही घेऊन बसली होती. मी सरळच विचारलं, “काय कमी पडलं गं तुला आमच्याकडे?”

ती उठून आली. घाबरलेली नव्हती. “काही कमी नाही, काकी. पण इथे ना, मीच बेस्ट आहे. तिथे माझ्यापेक्षा बेटर तीन मुली आहेत.”

“म्हणजे आमच्या मुली फालतू?”

“मी असं कुठे म्हटलं?”

जैनुद्दीनभाई म्हणाले, “पोरगी लहान आहे ताई, राग नका धरू.” मी चहा न पिता उठले. परतीच्या टॅक्सीत माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. माझी माधवी हिला बॉल देऊन देऊन दमली, आणि ही म्हणते मीच बेस्ट.

आमच्या शाळांच्या स्पर्धेत नियम असा, की शाळा बदललेल्या खेळाडूला जुन्या शाळेनं एनओसी द्यायची, म्हणजे आमची हरकत नाही असं लेखी पत्र. ते नसेल तर एक वर्ष बाहेर बसायचं. तूबाचं अकरावीचं वर्ष असं गेलं की पुढे बारावी आणि बोर्ड. म्हणजे तिचा खेळ खलास. हे मला माहीत होतं. म्हणूनच मी ग्रुपवर लिहिलं, ‘प्रिन्सिपलना पत्र देऊ. एनओसी देऊ नका म्हणून.’ पाच मिनिटांत तीसजण तयार झाले.

एनओसी हा शब्द आमच्या घराला नवा नव्हता. माझे मिस्टर प्रेमानंद एसी प्लांटचे इंजिनियर. २०१६ चं ते साल, तेल स्वस्त झाल्यापासून त्यांच्या कंपनीतली कामं आटली होती आणि त्यांचा करार ऑक्टोबरच्या अठ्ठावीस तारखेला संपत होता. दुसरी कंपनी त्यांना घ्यायला तयार होती. पण ओमानमध्ये जुन्या मालकाच्या एनओसीशिवाय नोकरी बदलता येत नव्हती. मालक नाही म्हणाला की देश सोडायचा आणि दोन वर्षं इकडे फिरकायचं नाही. अर्बाबची, म्हणजे मालकाची, सही तेवढी राहिली होती. हे रोज घरी आले की मी विचारायची, “झाली?” हे म्हणायचे, “इन्शाल्ला.” मग मी पोळ्या लाटता लाटता अर्बाबचा उद्धार करायची. माणूस विकत घेतलाय का ह्यानं, म्हणून.

आणि त्याच ओट्याशी उभं राहून मी तूबाविरुद्धचं पत्र लिहिलं. माझ्या डोक्यात ह्या दोन गोष्टी एकमेकींना शिवल्यासुद्धा नाहीत. एक ह्यांच्यावर होणारा अन्याय होता, दुसरा आमच्या टीमवर झालेला.

माझं इंग्रजी बेताचं. पत्र मी ह्यांच्यापुढे ठेवलं. “जरा नीट करून द्या. चांगलं झोंबलं पाहिजे.”

ह्यांनी ते दोनदा वाचलं. मग पेन काढून चुका दुरुस्त केल्या आणि शेवटी स्वतःची एक ओळ घातली. इंग्रजीतली ती ओळ मराठीत अशी: ‘संस्थेने ज्यांच्यावर वेळ आणि मेहनत खर्च केली, त्यांना प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ दिल्यास इतरांसमोर चुकीचे उदाहरण उभे राहील, त्यामुळे अशी विनंती मान्य करणे योग्य नाही.’

“वा!” मी म्हटलं. “ह्याला म्हणतात भाषा.”

हे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, कौतुक ऐकायला थांबलेत.

ती ओळ ग्रुपवर सगळ्यांना इतकी आवडली, की मुनीरभाईंनी ती वेगळी काढून पुन्हा टाकली. त्रेचाळीस सह्या झाल्या. मंगळवारी मी स्वतः पत्र शाळेत नेऊन दिलं. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, गुरुवारी दुपारी एक वाजता खेळाडूंची यादी बंद होते, त्याच्या आत मी कळवीन. पण एवढ्या पालकांचं म्हणणं डावलून मी सही करणार नाही, असंही म्हणाल्या. मी जिंकल्यासारखी घरी आले. माधवीला सांगितलं तर ती हेडफोन कानात घालून बसली.

बुधवारी संध्याकाळी जेवताना मी सहज म्हटलं, “तुमच्या त्या ओळीनंच काम केलं बघा.”

“माझी नाही ती ओळ,” हे म्हणाले.

उठले, ऑफिसच्या बॅगेतून एक कागद काढला आणि माझ्या ताटाशेजारी ठेवला. कंपनीचं पत्र होतं. तारीख दहा दिवसांपूर्वीची. विषय, एनओसीसाठीचा अर्ज. खाली तीन ओळी आणि तिसरी तीच. शब्द न शब्द तीच.

माझा हात ताटातच राहिला. “दहा दिवस झाले?”

“हो.”

“आणि रोज मला इन्शाल्ला सांगता?”

“कसं सांगायचं ते सुचत नव्हतं. मग तू ते पत्र घेऊन आलीस. म्हटलं ही ओळ घालतो. रोज अर्बाबला शिव्या देतेस, ऐकल्याबरोबर ओळखशील. तिथेच थांबशील.” हे थोडं हसले. “तू म्हणालीस, वा.”

मला आधी ह्यांचाच राग आला. भरपूर बोलले. माझी परीक्षा घेता का, म्हटलं, मग त्या पत्रावर सही कशाला केलीत? हे म्हणाले, “मी केली नाही. त्रेचाळीस नावं बघ, माझं नाही.” मी मोबाइलवर फोटो उघडून बघितला. खरंच नव्हतं. माझं नाव सगळ्यात वर होतं.

रात्रभर तूबाचं ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं, माझ्यापेक्षा बेटर तीन मुली आहेत. नव्या कंपनीबद्दल आमचे हेसुद्धा हेच म्हणाले होते. तिथे शिकायला मिळेल म्हणाले होते. तेव्हा मी पेढे वाटायच्या गोष्टी करत होते. सोळा वर्षांच्या पोरीनं तेच म्हटलं तर मी तिच्या पायात बेडी घालायला निघाले.

गुरुवारी साडेदहाला मी शाळेत होते. प्रिन्सिपल मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तुमची एक सही गेली तरी बेचाळीस राहतात. उद्या हेच लोक शाळेच्या कमिटीकडे जातील. अर्ध्यांनी तरी मागे घेतली तर मी विचार करीन. एकला यादी बंद.”

मी बाहेरच्या खुर्चीत बसले आणि ग्रुपवर लिहिलं, ‘मी माझी सही मागे घेते. तुम्हीही घ्या. त्या मुलीचं वर्ष जाईल.’

मुनीरभाईंचं उत्तर लगेच आलं, ‘भाभी, किती मीटर कापड मिळालं?’ त्याखाली हसणारे चेहरे. एकानं लिहिलं, ‘एक गद्दार कमी होती का!’ आठवडाभर हेच लोक मला ‘कॅप्टन’ म्हणत होते. मी फोन करायला घेतले. दोघांनी उचलला नाही, तिघांनी ऐकून घेऊन नाही म्हटलं. सव्वाअकरा झाले होते आणि माझी एकटीचीच सही मागे आली होती.

मग ह्यांना फोन लावला. विचारायला जीभ रेटत नव्हती. आमच्या लोकांत नोकरी गेलेला माणूससुद्धा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडतो, कुणाला कळू नये म्हणून. “तुमचं ते पत्र ग्रुपवर टाकू का?” मी विचारलं. पलीकडे नुसता मशिनचा आवाज.

“टाक,” हे म्हणाले. “कंपनीचं नाव झाकून टाक.”

ह्यांचं पत्र मी पर्समध्ये घालून आणलं होतं, आमच्या पत्राची झेरॉक्सही होती. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून फोटो काढला, कंपनीच्या नावावर अंगठा धरून. खाली लिहिलं, ‘डावीकडचं माझ्या मिस्टरांना आलेलं. उजवीकडचं आपण तूबासाठी दिलेलं. ओळ एकच आहे. आम्ही अठ्ठावीसला ओमान सोडतोय.’ पाठवलं. माणसं वाचत होती, ते दिसत होतं. पंधरा मिनिटं ग्रुप मेल्यासारखा पडला.

मग मुनीरभाईंचा फोन आला. मी शिव्या ऐकायच्या तयारीनं उचलला. ते अगदी हळू बोलत होते. “भाभी, असंच पत्र माझ्याकडे पण आहे. मे महिन्यात आलंय. घरात अजून कुणाला ठाऊक नाही.”

“मेपासून?” मी विचारलं.

“माझी सही काढा,” ते म्हणाले. “ग्रुपवर लिहितो मी. कारण नाही लिहीत.”

त्यांनी लिहिलं. मग दुसऱ्यानं लिहिलं, मग ग्रुपमधल्या शहनाजबाजींनी नवऱ्याला विचारून दोघांची मिळून मागे घेतली. काहीजण भांडून ग्रुप सोडून गेले. साडेबाराला मागे घेतलेल्या सह्यांचा आकडा एकोणिसावर आला आणि तिथेच अडला. मी फोन करत राहिले. एका बाईनं सुनावलं, “तुझ्या घरचं रडगाणं आमच्या टीमच्या गळ्यात कशाला मारतेस?” तिचंही अगदी चूक होतं असं नाही.

एकला पाच मिनिटं असताना मी आत गेले. “मॅडम, एकोणीस.”

“मी अर्ध्या म्हटलं होतं.”

मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पत्रं वाचली, मग पुन्हा डावीकडचं वाचलं. भिंतीवरचं घड्याळ मला ऐकू येत होतं. शेवटी त्यांनी ड्रॉवरमधून एनओसीचा कागद काढून सही केली. शिक्का मारला. “कमिटीनं विचारलं तर तुम्हाला बोलावीन.”

“अठ्ठावीसनंतर मी नसेन, मॅडम,” मी म्हटलं. तोंडानं हे मी पहिल्यांदाच म्हणत होते. तिथेच रडू आलं. कागद स्कॅन करून पलीकडच्या शाळेला गेला तेव्हा एकला दोन मिनिटं होती.

घरी माधवी दारातच उभी. “मम्मी, यू टोल्ड एव्हरीवन? पप्पांचं?”

“हो. आणि उद्या तूबा खेळणार आहे.”

“अगेन्स्ट मी?” तिनं विचारलं. खूश झाली की घाबरली, मला कळलं नाही.

शुक्रवारी चारला मॅच, स्पर्धेतली पहिलीच आणि तीही तूबाच्या नव्या शाळेशी. आमच्या पायऱ्यांवर माझ्या आजूबाजूची जागा रिकामी होती. हे सोबत आले होते. समोरच्या बाजूला जैनुद्दीनभाई दिसले. मी हात वर केला, त्यांनी मान वळवली. त्यांच्यापर्यंत ते त्रेचाळीस सह्यांचं पत्र पोचलं होतं तर. वाईट वाटलं, पण त्यांच्या जागी मी असते तर नुसती मान वळवून थांबले नसते.

तूबा हिरव्या जर्सीत कोर्टवर आली आणि आमच्यामागून ओरडा सुरू झाला, “गद्दार! गद्दार!” तिनं वर पाहिलं नाही. माधवी तिच्यासमोर उभी राहिली. आणि खरं सांगते, इतकं सगळं करून, बॉल तूबाच्या हातात गेला की माझ्या मनात एकच यायचं. चुकू दे. देवाधर्माला न मानणारी मी, पण चुकू दे, चुकू दे म्हणून मुठी आवळून बसले होते.

शेवटचं मिनिट आलं तेव्हा आम्ही एका गुणानं पुढे होतो. तूबा बॉल घेऊन आली. माधवीनं हात पसरून तिला अडवलं. तूबानं डावीकडे जाते असं दाखवलं, उजवीकडून निघाली. ही चाल तिच्याकडे आधी नव्हती, तीन वर्षांत मी ती कधी पाहिली नव्हती. माधवी अर्ध्या पावलानं मागे राहिली आणि बॉल बास्केटमधून खाली पडला.

शिट्टी झाली. आमच्या पायऱ्यांवर एकदम सगळं थंड. माधवी गुडघ्यांवर हात टेकून वाकली होती, तूबा तिच्यापाशी जाऊन नुसती उभी होती.

माझ्या शेजारी हे उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. आमच्या बाजूला ते एकटेच. जोरजोरात वाजवत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायलाही थांबत नव्हते. मागून कुणीतरी ओरडलं, “अरे, बसा ना खाली!” खाली बसवायला मी त्यांचा शर्ट धरलाच होता. तो सोडला आणि मीही उठले.