बेलेनच्या नावाची पाटी

कालावाग गावातल्या शाळेसमोर मी एकोणीस वर्षं कामोते-क्यू विकलं. रताळ्याच्या जाड चकत्या ब्राउन साखरेत तळायच्या आणि बांबूच्या काडीला टोचून द्यायच्या. तीन वाजता शाळा सुटली की माझ्याभोवती झुंबड.

मार्चमध्ये पाकाने माझा उजवा हात भाजला. डॉक्टर म्हणाले, महिनाभर चुलीपाशी जायचं नाही. तेव्हा बेलेन आपणहून आली. ती माझ्या लेकीची गॉडमदर. आम्ही एकमेकींना ‘मारे’ म्हणतो.

“मारे, मी तळते. तू नुसती शेजारी बसून सांग.”

मी सांगितलं. साखर तेलात कधी टाकायची, ती वर तरंगली की चकत्या कशा घोळवायच्या. रताळी आधी दोन दिवस उन्हात ठेवायची, हे आईने फक्त मला सांगितलं होतं. तेही सांगून टाकलं. मग हात ठणकायला लागला, तशी घरीच राहिले.

पट्टी निघाली त्या दिवशी शाळेसमोर गेले, तर मी ज्याखाली बसायचे त्या झाडाला नवी पाटी: ‘बेलेनचं कामोते-क्यू’.

“हे काय गं?”

तिने मान वर केली नाही. “जागा आता माझ्या नावावर आहे, मारे. बारांगायच्या हॉलमध्ये विचार.”

बारांगाय म्हणजे आमच्या वस्तीची पंचायत. तिथल्या कारकुनाने अर्ज दाखवला. मी धंदा सोडला, असं त्यात लिहिलं होतं. खाली माझ्या नवऱ्याची, तास्योची, संमतीची सही.

घरी आले, तर तो अंगणात कोंबड्याच्या पिसांवरून हात फिरवत बसला होता.

“सही तुझी आहे?”

“तुझा हात बघवत नव्हता मला. परत भाजला असता.”

“मला विचारायचंस.”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणून विचारलं नाहीस.”



दुसऱ्या दिवशी तीनच्या आधी शाळेसमोर गेले. चूल विझवली, तेल निवेपर्यंत उभी राहिले, ते डब्यात ओतलं आणि माझी कढई कमरेवर घेतली.

“मारे, पोरं येतील आता,” बेलेन म्हणाली.

“येऊ देत.”

आठवड्यात तिने नवी कढई आणली. मी आता जीपनीच्या, म्हणजे प्रवासी जीपगाड्यांच्या, थांब्यावर बसते. ड्रायव्हर लोक घाईत असतात, रताळी उरतात. संध्याकाळी तास्यो टोपली उचलायला येतो. मी टोपली त्याच्या हातात देत नाही. घर येईपर्यंत तो चार पावलं मागून चालतो.