निळी करवत

"बोला, सिद्धनाथ महाराज की जय!"

जेऊरच्या बाजारतळावर मुंगी शिरायला जागा नव्हती. मांडवात महाराजांनी प्लास्टिकच्या घमेल्यातल्या तीर्थात करवत बुडवली, डोळे गरागरा फिरवले, दोन-चार वेळा 'फट् स्वाहा' ओरडले आणि पातं वर काढलं. निळंशार पातं पांढरंफटक! बायांनी पदर पसरले.

"बघा, इख उतरलं!" महाराज गरजले. "करणी पोरीच्या रगतातनं लोखंडात आली, लोखंडातनं माझ्या तीर्थात. आता सुया फेकून द्या. सुई टोचली की इख माघारी फिरतंय!"

काय पण शास्त्र! करवत होती बिभीषण सुताराची, आणि पोर म्हणजे त्याची राजनंदिनी, माझ्या सातवीच्या वर्गातली. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. राजनंदिनीच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, रोज टोचावं लागतं. दसऱ्यानंतर ती शाळेत आली नाही, म्हणून मी तिच्या घरी निघाले होते, तर वाटेत हा तमाशा, आणि बिभीषण त्यात हात जोडून उभा.

"बिभीषणभाऊ, सुई बंद केली की काय?"

"व्हय बाई, दसऱ्यापास्नं. खंडेनवमीला नव्या करवतीवर लिंबू कापून ठिवलं हुतं. पुजलेलं हत्यार दसऱ्यापातूर हलवायचं नसतंय. मग उचलून बघतो तर लिंबाखाली पांढरा डाग! कमळाभवानी आईनंच खूण दिली की. महाराज म्हणले, इख उतराया लागलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लिंबाच्या आंबट रसानं दुसरं काय होणार? मी सरळ मांडवात घुसले आणि घमेल्यावर वाकले. नाकाला झिणझिण्या आल्या. तीर्थ कसलं, संडास धुवायचं ॲसिड! शेजारच्या दुकानातून तसलीच बाटली आणली. रांगेत रामहरी सुतार आपली निळी करवत घेऊन उभा होता. ती मागून घेतली आणि पात्यावर बाटली ओतली. ना मंत्र, ना महाराज. निळा रंग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उतरला.

"रामहरी, तुझ्या घरी कोण आजारी आहे?"

"कुणी न्हाय. समदी ठणठणीत हायती. नवस फेडाया आलोय, करवतीला तीर्थ लावाया."

"मग हे इख कुणाचं उतरलं?" मी लोकांकडे वळले. "कारखान्यात लोखंडावर निळा थर चढवतात, गंज लागू नये म्हणून. ॲसिड तो थर खाऊन टाकतं. बस्स, एवढाच चमत्कार!"

महाराज गालात हसले. "बाई, त्या बाटलीतबी मीच हाय!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! टाळ्या!

बिभीषणनं मात्र वाजवल्या नाहीत. तो घराकडे पळत सुटला, मागोमाग मी. राजनंदिनी खाटेवर निपचित पडली होती. श्वास खोल, धापा टाकल्यासारखा, आणि त्याला पिकल्या फळासारखा गोडसर वास. इन्सुलिनवाचून तिच्या रक्तात आता खरंच विष साचत होतं.

"रातभर पाणी पाणी करत हुती," तिची आई रेश्मा म्हणाली. "आमाला वाटलं, इख उतरतंय."

जीप केली. करमाळ्याच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि ताबडतोब सोलापूरला न्या म्हणाले. मोडनिंबच्या पुढं पोरीचा श्वास थांबला.

तेराव्याला मी गेले तेव्हा बिभीषण उंबऱ्यावर बसला होता. मांडीवर तीच करवत, गंजून लालभडक झालेली.

"बाई, निळी ऱ्हायली असती तर गंजली नसती न्हवं?"

"नसती."

"आन सुई चालू ठिवली असती तर माझी पोर?"

खोटं बोलवेना. "आज वर्गात असती."

तो बाप तोंडात पदराचा बोळा कोंबलेल्या बाईसारखा रडला. मलाही रडू आवरलं नाही.

महाराज आता दुसऱ्या कुठल्याशा गावात बसलेत. घमेलं तेच, जयजयकारही तोच. उद्या ते तुमच्या गावात येतील. कुणीही औषध बंद करा म्हणालं, तर जय म्हणायच्या आधी त्याच्या तीर्थाचा वास घ्या. विचारा, हे कसं झालं? आणि औषध चालू ठेवून विचारा. करवतीवर निळा थर पुन्हा चढवता येतो. आमच्या वर्गातला एक बाक रिकामा आहे, तो काही भरत नाही.