विहिरीच्या फाट्यावरचा चढ

मिर्सिनीची सकाळ बंदरावर सुरू होत असे. रात्रभर समुद्रावरून आलेल्या वाऱ्याने बसच्या पुढच्या काचेवर मिठाचा पातळ थर चढलेला असे. त्यावर ती आधी गोडं पाणी मारी, मग जुन्या वर्तमानपत्राच्या बोळ्याने काच कोरडी करी. तेवढ्यात बेकरीतून वरच्या गावांसाठी पावाची पोती येत आणि औषधांच्या दुकानातून नाव लिहिलेल्या पुड्या येत. कुणाचे टाच बसवून आणलेले बूट असत, कुणाची पिल्लांची खोकी. ती सगळं मागच्या बाकाखाली रचून ठेवी. आरशावर नजर लागू नये म्हणून निळा मणी टांगलेला होता आणि त्याच्या शेजारी तिच्या वडिलांचा, स्त्रातिसचा, टोपी घातलेला फोटो. आमच्या बेटावरची ही एकच बस. आयुष्यभर ती स्त्रातिसने चालवली आणि त्याच्या मागे मुलगी चालवत होती. बंदराचं शहर खोरा, तिथून किनाऱ्याने लिम्नारी, मग चढणीला लागून आयिओस मामास, आणि शेवटी डोंगराच्या खांद्यावरचं मावरोलोफी. रस्ता एकच असल्यामुळे बसही त्याच क्रमाने गावं घेत जाई.

त्या शनिवारी बस नेहमीपेक्षा भरलेली होती. बहुतेक बायका काळ्या कपड्यांत होत्या. मांड्यांवर मृताच्या नावाने उकडलेल्या गव्हाची ताटं होती, वर पिठीसाखरेचा थर. मिर्सिनीच्या मागेच तिची आत्या पोलिक्सेनी बसली होती. तिच्या पिशवीत लाल वाइनची बाटली आणि घडी घातलेलं पांढरं कापड होतं, आणि पायांशी नवी लाकडी पेटी. पेटीवर स्त्रातिसचं नाव रंगवलेलं होतं.

“हळू घे गं वळणावर,” आत्या म्हणाली. “पेटी सरकतेय.”

“रिकामीच आहे ना?”

“आता आहे, दुपारी नसणार. तुझा बाप कधी कुणाचं सामान सांडत नसे.”

“बाबा वळणावर सिगारेट पेटवायचे, आत्या. मी बघितलंय.”

बायका हसल्या. पुरून तीन वर्षं झाली की आमच्याकडे कबर उघडतात, हाडं वाइनने धुतात आणि पेटीत घालून चर्चमागच्या अस्थिघरात ठेवतात. दुःखाचा तो शेवटचा दिवस. त्यानंतर काळे कपडे उतरवता येतात.

आयिओस मामास सोडल्यावर विहिरीचा फाटा येतो. तिथे एक तुतीचं झाड आणि त्याखाली दगडी बाक आहे. कधीतरी तिथे थांबा असावा. स्त्रातिसने मिर्सिनीला गाडी शिकवली तेव्हा इथे तो प्रत्येक वेळी सांगे, “दुसरा गिअर टाक आणि सोडू नकोस. या चढावर गाडी थांबवली की पुन्हा उठत नाही.” इथे बसमधलं बोलणंही थोडं मंदावे. इंजिनाचा आवाज वाढतो म्हणून असेल, असं मिर्सिनीला वाटे.

डोक्यावर चीजची टोपली घेतलेली एक म्हातारी रस्त्याच्या कडेने आयिओस मामासकडे उतरत होती. ती एवान्थिया. फाट्यावरच्या घरात बकऱ्या पाळून एकटी राहणारी. मिर्सिनीने नेहमीसारखा हलका हॉर्न दिला. म्हातारीने नेहमीसारखी मान वळवली नाही.

*

मावरोलोफीच्या दफनभूमीत खणणाऱ्याने वरची माती काढली आणि तो बाजूला झाला. शेवटची माती घरच्या बायका हाताने काढतात. पोलिक्सेनी गुडघ्यांवर बसून पुढे वाकली, फादर प्रोकोपिस प्रार्थना पुटपुटत होते, आणि मिर्सिनी पांढरं कापड पसरून कवटीची वाट पाहत होती. आधी कवटी निघते. तिला मुका द्यायचा, तिच्यावर वाइन ओतायची, आणि मग बाकीचं.

आत्याचा हात थांबला.

मातीत बापाचं जाकीट होतं, ड्रायव्हरचं, निळं. बाही फुगलेली होती आणि तिच्यातून हात बाहेर आलेला होता. हाड नव्हे, हात. कातडं काळवंडून चामड्यासारखं झालं होतं, पण नखं जागेवर होती आणि बोटं वळलेली होती. स्टिअरिंगवर असत तशी. मिर्सिनीच्या हातातल्या बाटलीतली वाइन तिच्याच चपलांवर सांडत होती, आणि ती ते पाहत उभी होती.

“मातीने घेतला नाही,” मागून कुणीतरी म्हणालं.

“झाका,” फादर प्रोकोपिस घाईने म्हणाले. “लगेच झाका. चिकण माती आहे, बायांनो, पाणी धरून ठेवते. गेल्या वर्षीही इथे असं एकदा झालं होतं. यात दुसरं काही नाही.”

पण बायकांनी क्रूसाची खूण केली आणि त्या मागे सरकल्या. त्या कशासाठी सरकल्या हे मिर्सिनीलाही ठाऊक होतं. ज्याला कुणीतरी क्षमा केलेली नाही, त्याला माती घेत नाही. शिकलेली माणसं हे हसण्यावारी नेतात. दफनभूमीत मात्र कुणी हसत नाही.

पेटी रिकामीच परत आली. बसमध्ये पोलिक्सेनीने ती मांडीवर धरली.

उतरताना पोलिक्सेनी तिच्या कानाशी म्हणाली, “गावागावांत विचार. कुणाशी भांडण असेल, कुणाला लागेल असं बोलला असेल. त्याच्या वतीने क्षमा माग. त्यांनी ‘देव त्याला क्षमा करो’ म्हटलं की झालं. पुन्हा उघडू तेव्हा मोकळा असेल.” मग म्हणाली, “फाट्याकडे जाऊन वेळ घालवू नकोस. ती बाई कुणाशी बोलत नाही.”

*

त्याच दुपारी मिर्सिनीने विचारायला सुरुवात केली. हा रस्ता ती रोज चालवत होती. तरी गाडी उभी करून गल्ल्यांत शिरायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. लिम्नारीत जाळी शिवणारे कोळी तिला पाहून उठून उभे राहिले. एकाने तिला बळेच तळलेले मासे खायला लावले. “स्त्रातिसने? वाईट? अगं, माझ्या बायकोला कळा लागल्या तेव्हा त्याने बस दवाखान्याच्या पायऱ्यांवर चढवली होती! देव त्याला क्षमा करो, पण कशाची करणार?” आयिओस मामासमध्ये शिंपीणबाईंनी डोळे पुसले. एका म्हाताऱ्याने कबूल केलं की पत्त्यांत स्त्रातिस लबाडी करायचा, आणि ती त्याने माफ केली होती, कारण तो स्वतःही करायचा. दारोदारी मिर्सिनी एकच प्रश्न विचारत होती आणि दारोदारी तिला तोच माणूस परत मिळत होता. ज्याच्या मांडीवर बसून तिने पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं होतं, तो. तिला हलकं वाटू लागलं. फादर म्हणतात तेच खरं असेल, चिकण माती.

मावरोलोफीच्या चौकातलं कॉफीचं दुकान थिमिओसचं. तिथे ती सगळ्यात शेवटी गेली. चारपाच म्हातारे सोंगट्या खेळत बसले होते. तिने प्रश्न विचारताच फाशांचा आवाज थांबला.

“अहो, सांगा की,” ती हसून म्हणाली. “सगळ्या बेटाने त्यांना संत करून टाकलंय. तुम्ही तरी एखादी तक्रार करा.”

एकजण टोपी उचलून निघून गेला. थिमिओस तिच्यासाठी कॉफी करू लागला. उतू गेली तरी त्याने भांडं उचललं नाही.

“तुझी बस विहिरीच्या फाट्यावर का थांबत नाही, मिर्सिनी?” त्याने पाठ न वळवता विचारलं.

“चढ आहे. गाडी उठत नाही.”

“तसं सांगितलं होय त्याने.”

“मग?”

“गप बस, थिमिओस,” कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

“इतकी वर्षं गप्पच बसलोय की.” तो वळला. “तू जन्मली नव्हतीस. जत्रेचा दिवस होता, आयिओस मामासची. मिरवणूक इथवर आली होती, मग आम्ही सगळे बसने जत्रेला उतरत होतो, खालच्या गावांचेही, वाइन झालेली, गाणं चाललेलं. गाणं मीच धरलं होतं. फाट्यावर एवान्थिया उभी होती, पोर छातीशी. पोराला ताप होता, हातच असा लोंबत होता. तिने हात केला. तिच्या नवऱ्याने त्या हिवाळ्यात तुझ्या बापाची तक्रार केली होती, दारू पिऊन चालवतो म्हणून. खोटी नव्हती तक्रार. महिनाभर परवाना गेला होता. तर स्त्रातिसने वेग कमी केला, खिडकीतून तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाला, ‘बस भरलीय, बाई. तुझ्या नवऱ्याला सांग, दुसरी पाठवेल.’ आम्ही हसलो.”

मिर्सिनीने खुर्ची मागे सरकवली.

“जागा होती, पोरी,” थिमिओस म्हणाला. “माझ्या शेजारीच होती. ती पोराला घेऊन खाली बंदरापर्यंत चालत गेली. डॉक्टरच्या दारात पोचली तेव्हा पोर गेलं होतं.”

“आणि तुम्ही सगळे...”

“लिम्नारीवालेही होते. शिंपीणही होती. सगळे.”

तिच्या डोळ्यांपुढून दुपारपासूनची दारं एकेक करून गेली. तळलेले मासे, पुसलेले डोळे. त्या बसमध्ये बसलेल्यांनीच तिला सांगितलं होतं की क्षमा करण्यासारखं काही नाही. तिने कॉफी प्यायली नाही.

पोलिक्सेनी घराच्या अंगणात वाल सोलत होती. मिर्सिनी फाटकातच उभी राहिली.

“आत्या, तू कुठे बसली होतीस?”

आत्याने मान वर केली आणि काय विचारलं ते लगेच ओळखलं. “ज्याने तुला वाढवलं त्याच्यावर आता बोट ठेवणार आहेस का?”

“कुठे बसली होतीस, एवढंच विचारतेय.”

आत्याने आणखी एक शेंग फोडली.

“मध्ये,” आत्या म्हणाली. “खिडकीशी. त्याच बाजूच्या.”

*

त्याच संध्याकाळी फाट्याकडे मिर्सिनी पायी गेली. एवान्थिया दारात बसून दुधाचं भांडं घासत होती. तिने पाहुणीला बसायला सांगितलं नाही, पण जा असंही म्हटलं नाही.

“मी स्त्रातिसची...”

“डोळे आहेत मला. रोज जातेस की इथून.”

“मावशी, कबर उघडली होती. ते मातीत...”

“ऐकलं. वारा वरून खाली येतो, बातम्याही.”

“तुम्ही शाप दिला होता का?”

म्हातारीने भांडं पालथं घातलं. “बकऱ्या होत्या, नवरा सोडून गेला, छप्पर गळत होतं. शाप द्यायला सवड कुठे होती? त्याचं नाव घ्यायचं सोडलं मी. बस्स.”

“मग त्यांना क्षमा...” शब्द तोंडातून निघताना मिर्सिनीला स्वतःचाच संकोच वाटला.

“ती मागायला त्याला सगळा जन्म होता. रोज दोनदा इथून जायचा. एकदा जरी दार उघडलं असतं.” एवान्थियाने तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. “तू हॉर्न कशाला वाजवतेस गं?”

“नमस्कार म्हणून. तुम्ही दिसता म्हणून.”

“तोही वाजवायचा. अस्साच, हलका. पोर गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. मला वाटलं होतं, तो मेल्यावर तरी बंद होईल.”

दुसऱ्या गिअरबरोबर तो हॉर्नही मिर्सिनीला बापानेच शिकवला होता. इथे वाजवायचा, का ते न सांगता. आपण गेली तीन वर्षं प्रेमाने करत होतो ते काय होतं, हे तिला आता कळत होतं, आणि कळूनही ते मनात पुरतं शिरत नव्हतं.

“तुमच्या बाळाचं नाव काय होतं?” तिने शेवटी विचारलं.

“निकिफोरोस. कुणी विचारलं नव्हतं.” म्हातारी उठली, चीजचा एक तुकडा पानात बांधून तिने उंबऱ्यावर ठेवला. “घेऊन जा. दारात आलेल्याला रिकामं पाठवत नाही मी. क्षमा मात्र नाही माझ्याकडे. शोधली असती तरी सापडली नसती.”

*

रविवारी प्रार्थना संपल्यावर फादर प्रोकोपिसनी तिला दारात गाठलं. “सगळीकडे फिरलीस म्हणे. मग? पुन्हा कबर उघडायचा दिवस ठरवू या का? तोपर्यंत मी क्षमेची प्रार्थना वाचतो.”

“प्रार्थना वाचा, फादर. दिवस ठरवू नका.”

“म्हणजे?”

“राहू द्या त्यांना मातीत. तिला हवा तितका वेळ घेऊ दे.”

पोलिक्सेनी शेजारीच उभी होती. तिने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला आणि पायऱ्या उतरू लागली.

सोमवारी मिर्सिनीने काचेवरचं मीठ धुतलं, काच पुसली, पावाची पोती मागे रचली. फोटो काढावा की नाही याचा तिने क्षणभर विचार केला आणि तो तिथेच राहू दिला. लिम्नारीत कोळणी चढल्या, आयिओस मामासमध्ये शिंपीणबाई चढल्या. आदल्या दोन दिवसांत काय झालं हे सगळ्यांना ठाऊक असावं; कुणी तिला रविवार कसा गेला असं विचारलं नाही.

तुतीचं झाड दिसू लागलं तसं बोलणं मंदावलं. मिर्सिनीने हॉर्नला हात लावला नाही. तिने ब्रेक दाबला, चढावरच गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला आणि दार उघडलं.

डोंगरावरची थंड हवा आत आली. बाकावर कुणी नव्हतं. वरच्या घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. बसमध्ये सगळे आपापल्या मांड्यांकडे पाहत होते. मागून कुणीही चल म्हटलं नाही. प्रत्येक थांब्यावर ती जितकं थांबे, तितकंच इथे थांबली. मग तिने दार लावलं, पहिला गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला.

गाडी उठली. कुरकुरलीसुद्धा नाही.