भाचेरावांचं मौन

पोटातून बोलणारे कलावंत त्या काळी पैशाला पासरी होते, पण आमच्या थिएटरातल्या मामांइतका गर्विष्ठ दुसरा नव्हता. मांडीवर लाकडी बाहुला, त्याचं नाव भाचेराव. मामांनी विचारायचं आणि भाचेरावांनी उर्मट उत्तर द्यायचं, एवढाच खेळ. दोन्ही आवाज मामांचेच, ओठ मात्र तसूभर हलत नसत. मामा म्हणे जेवतानाही ओठ हलू देत नसत. घास आत कसा जाई, ते त्यांच्या बायकोलाच ठाऊक.

मग गावात हलती चित्रं आली आणि मामांच्या खेळाला माशा बसू लागल्या. मालकानं स्पष्टच सांगितलं, "मामा, तुमची रेकॉर्ड काढू. खपली तर राहा, नाही तर भाच्याला घेऊन चालू लागा."

रेकॉर्डची खोली म्हणजे भिंतींना गोधड्या लटकवलेला कोंडवाडा. एका भिंतीतून मोठा कर्णा बाहेर आलेला, काचेपलीकडे यंत्र. रेकॉर्डवाल्यानं बजावलं, "मामा, बोलेल त्याचं तोंड कर्ण्यात पाहिजे. मेणावरचं काम आहे, लगेच वाजवून बघता येत नाही."

"मला शिकवतोस?" मामा गुरगुरले.

आणि या शहाण्यानं काय करावं? स्वतःचं वाक्य आलं की कर्ण्यात डोकं घालून गर्जायचं. भाच्याची पाळी आली की बाहुल्याचं तोंड कर्ण्यात खुपसायचं आणि आपण अदबीनं मागे सरून, ओठ मिटून, गोधडीत पुटपुटायचं! रेकॉर्डवालाही तसलाच दिव्य. काचेतून लाकडी जबडा हलताना बघून तो खुशाल मान डोलावत होता.

रेकॉर्ड आली. सगळी मंडळी जमली. मालकानं सुई ठेवली.

"भाच्या, मामीनं मला काय म्हटलं रे?"

खरखर.

"शी! असं बोलतात मोठ्यांना?"

खरखर.

"पुन्हा म्हण! म्हणून तर बघ!"

मामांचा चेहरा चुन्यासारखा झाला. मालक मात्र खुर्चीतून घसरला, हसून हसून. मामी पदर तोंडात कोंबून म्हणाली, "अगदी हेच म्हटलं होतं हो मी!"

रेकॉर्ड अशी खपली की तिच्यापायी दोन लग्नं मोडली म्हणतात. त्या खरखरीत जो तो आपल्या मनातली शिवी ऐकायचा. मालकानं हुकूम सोडला, "स्टेजवरही असंच. भाच्यानं ब्र काढायचा नाही."

"आणि माझी कला?"

"ती घरी वापरा."

"घरी नको," मामी म्हणाली, "घरी मी आहे."

थिएटर पुन्हा तुडुंब. मामा विचारायचे, बाहुला गप्प, आणि अख्खं पब्लिक त्याच्या वतीनं मामांची सालटी काढायचं. जाहिरातीत छापलं जाई : भाचेराव, सोबत एक गृहस्थ.

एकदा मामांना राहवलं नाही. ओठ मिटून, जन्मभराचं कसब पणाला लावून त्यांनी भाच्याकडून खणखणीत उत्तर देववलं. मग मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "लबाड! भाचा नाही, हा म्हातारा बोलतोय!"

इतकी वर्षं कोणाला पत्ता लागला नव्हता. त्या दिवशी उसाच्या गंडेऱ्या चघळणाऱ्या पोरांनासुद्धा लागला. मालकानं पडद्याआडून बोट ओठांवर ठेवलं.

मामांची नोकरी टिकली. ओठ मिटलेलेच राहिले. आता त्यांच्याआड काही नव्हतं, इतकंच.